पाणी जोखणारे आप्पा

पाणी पिणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघू नये, हे आपल्याकडे लहानपणीच बजावलेलं असतं. आप्पांना ते कुणी बजावलं नसावं. किंवा बजावलं तेव्हा ते बजावणाऱ्याचंच पाणी पिणं बघत बसले असावेत. सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या रस्त्यावर उन्हातान्हातून आलेला कुणी बाटली तोंडाला लावून उभा राहिला, की थोड्या वेळानं त्याला आपल्या कंठाकडे कुणीतरी बघतंय असं वाटायला लागतं. वळून पाहावं तर पांढरा लेंगा, बंडी, खांद्यावर पंचा आणि चेहऱ्यावर परीक्षकाचं गांभीर्य. शेवटचा घोट उतरला की आप्पांची मान हलते. पास की नापास, ते मात्र कळत नाही.

असा एखादा माणूस प्रत्येक वस्तीत असतो. कुणी लोकांच्या चपला बघून पगार ओळखतो, कुणी दारावरचं तोरण बघून घरातलं भांडण ओळखतो. आप्पांनी जन्मभर एकच विषय धरला: कोण पाणी कसं पितं. पिणारा माणूस असो, बैल असो, कबूतर असो की मधमाशी, आप्पांना सगळे सारखे. विषय फुकटचा आहे, रोज नवं गिऱ्हाईक दाराशी येतं आणि कुणी कधी या विषयात त्यांना हरवायला आलेलं नाही.

आप्पा मूळचे तापीकाठचे, अमळनेर तालुक्यातले. लिंबायत, गोडादरा, डिंडोली, उधना या पट्ट्यात खानदेश असा काही येऊन वसलाय की अहिराणी ऐकायला धुळ्याला जायची गरज पडत नाही, भाजीच्या लारीपाशी उभं राहिलं तरी भागतं. तरुणपणी आप्पा भुसावळकडून येणाऱ्या गाडीनं सुरतेत उतरले आणि पहिल्याच नळाचं पाणी पिऊन म्हणाले, हे तर आपलंच. ते खोटंही नव्हतं. तापी मुलताईला उगम पावते, सगळा खानदेश ओलांडते, उकाईच्या धरणात अडते, सिंगणपोरच्या कॉजवेपाशी पुन्हा अडते आणि मग सुरतेच्या नळाला येते. "आपण तिकीट काढीसन उनूत," आप्पा सांगतात, "पानी बिगर तिकिटनं उनं." हे वाक्य ते प्रत्येक नव्या भाडेकरूला ऐकवतात. भाडेकरू राजस्थानी असला तरी.

नोकरीही पाण्याचीच मिळाली. आधी साधे लूम, मग वॉटरजेट. वॉटरजेट लूममध्ये धोटा नसतो. पाण्याची एक बारीक पिचकारी आडवा धागा या टोकापासून त्या टोकाला ओढून नेते, मिनिटाला पाचशे-सहाशे वेळा. अशा एका फेरीला कारखान्यात पिक म्हणतात. पाणी धाग्याला धरून नेतं आणि पाणी पाण्यालाही धरून राहतं, हे आप्पांनी ऐन उमेदीची वर्षं कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात बघितलं. त्यामुळे त्यांना आजही हळू बोलता येत नाही आणि मोजायचं ते सगळं ते पिकमध्ये मोजतात.

निवृत्त झाल्यावर आप्पांनी सोसायटीच्या गेटाबाहेर सिमेंटची एक हाळ आणून ठेवली. गुजराती शेजारी तिला हवाडो म्हणतात, समोरचे मारवाडी शेठ खेळी म्हणतात, आणि सोसायटीच्या सभेत तिचा उल्लेख 'तो प्रकार' असा होतो. सभेत दोन हरकती आल्या. एक, डास होतील. दोन, गाई दाराशी ठाण मांडतील. पहिल्या हरकतीवर आप्पांनी शब्द दिला, रोज सकाळी हाळ उपडी करून घासीन. तो त्यांनी आजवर मोडलेला नाही. दुसरीवर ते म्हणाले, गाई आताही बसतातच, फक्त तहानलेल्या बसतात. ठराव एका मतानं पास झाला. ते मत आप्पांचं होतं.

सकाळी हाळ घासून झाली की प्लास्टिकची खुर्ची येते, चहा येतो आणि परीक्षा सुरू होते.

गाय आधी वास घेते. पाण्यावर नाकपुड्या आणून थांबते, शहानिशा करते, मगच ओठ बुडवते. ओठ सगळे मिटलेले, मध्ये फक्त एक फट. त्या फटीतून पाणी आत ओढलं जातं आणि बाहेरून दिसतो तो फक्त गळ्याखालून चढत जाणारा एकेक घोट. आवाज नाही, सांडणं नाही. आप्पांच्या हिशोबी हे पहिल्या वर्गातलं पिणं. बैलाचंही असंच, पण बैलाला शीळ घालावी लागते. आप्पांचे वडील विहिरीवर बैलांसमोर उभे राहून लांब शीळ घालायचे आणि बैल शिळेच्या तालावर पीत जायचे. आप्पा अजूनही हाळेपाशी गाय आली की शीळ घालतात. समोरच्या इमारतीतल्या एका बाईंनी सुरुवातीला त्याबद्दल चेअरमनकडे तक्रार केली होती. शीळ कुणासाठी आहे ते प्रत्यक्ष दाखवल्यावर तक्रार मागे घेतली गेली, पण त्या बाई थोड्या नाराजच दिसल्या.

शेळी येते, बघते आणि जाते. पाण्यात एक काडी जरी दिसली तरी तिला ते चालत नाही. "ही शेठाणी," आप्पा म्हणतात आणि उठून काडी काढतात. लग्नसराईत वरघोडा निघायच्या आधी घोडीला इथंच पाजतात. बँडवाले ट्यूब लावत असतात, नवरदेवाचे मामा फेटा शोधत असतात आणि आप्पा घोडीच्या कानांकडे बघत असतात. घोडी पाणी पिते तेव्हा घोटागणिक तिचे कान हलतात. "कान मोजा, घोट समजतात," हे त्यांचं संशोधन. एकदा त्यांनी हे चक्क नवरदेवाला समजावून सांगितलं. तो बिचारा पुढं वरातभर घोडीच्या कानांकडेच बघत होता. व्हिडिओत तसंच आलंय.

पाखरांत आप्पा कबुतराला मानतात, आणि हे मला पटायला वेळ लागला, कारण आमच्या गॅलरीची कबुतरांनी काय दशा केली आहे ते मी रोज बघतो. चिमणी, कोंबडी, कावळा हे सगळे चोच बुडवतात, चोचभर पाणी घेतात आणि मान वर करून ते घशात उतरू देतात. पुन्हा खाली, पुन्हा वर. कबूतर मात्र चोच नाकपुडीपर्यंत पाण्यात खुपसतं आणि मान न उचलता सरळ ओढून घेतं, थेट माणसानं नळीनं सरबत प्यावं तसं. कबूतर आणि पारवा-होला या कुळाची ही खासियतच आहे. कावळ्याबद्दल आप्पांचं मत वेगळं आहे. तो पाणी कमी पितो आणि वापरतो जास्त: कुठून तरी वाळकी पोळी आणतो, हाळेत बुडवतो, मऊ झाली की खातो आणि पाणी घाण करून निघून जातो. "यानं भांड्यात खडे टाकले ते खरं असेल. पण भांडं नंतर कुणी धुतलं, ते गोष्टीत लिहिलेलं नाही."

आता मांजर. इथं मला मध्ये पडावं लागलं आणि त्याचा पश्चात्ताप नाही, कारण आप्पांना निरुत्तर झालेलं मी तेवढंच एकदा बघितलंय, तेही जेमतेम मिनिटभर.

मांजर जिभेचा चमचा करून पाणी उचलतं, असं आपण सगळे धरून चालतो. 2010 साली अमेरिकेतल्या चार संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं की तसं नाही. त्यातले एमआयटीचे रोमन स्टॉकर सकाळी नाश्ता करताना आपल्या घरच्या मांजराकडे बघत होते, तिथून हे सुरू झालं. वेगवान कॅमेऱ्यानं पाहिल्यावर कळलं की मांजर जिभेचं टोक मागे वळवतं आणि त्या टोकानं पाण्याला नुसता स्पर्श करतं, जीभ बुडवत नाही. मग जीभ झटकन वर खेचतं. जिभेला चिकटलेलं पाणी खालच्या पाण्याला ओढतं आणि पाण्याचा एक बारीक खांब उभा राहतो. तो खांब वजनानं खाली कोसळायच्या आत मांजर तोंड मिटतं, की वरचा तुकडा आत. हे सेकंदाला चार वेळा.

आप्पांनी ऐकून घेतलं. "त्या मांजराचं नाव काय?"

नाव कट्टा कट्टा.

"पानी पेताना आवाज करस का ते?" मी म्हटलं, नाही. "मंग नाव चुकलं." मग बोटं मोजून हिशोब केला. सेकंदाला चार म्हणजे मिनिटाला दोनशे चाळीस पिक. "आपल्या जुन्या लूमपेक्षा बरं चालतंय." आणि पाण्याचा खांब? त्यात काय नवल. पाणी पाण्याला धरून असतं, वॉटरजेटवर पहिल्या दिवशी शिकवतात. "एवढं बघायला सायेबले 2010 साल उजाडनं?" इथपर्यंत ते जिंकत होते. मग मी विचारलं, आप्पा, मांजर गाईसारखं ओठ मिटून ओढून का घेत नाही? आप्पा गप्प. हाळेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, स्वतःच्या गालाला हात लावून बघितला. उत्तर गालातच होतं. गाय, घोडा, माणूस यांचे गाल तोंडाला बाजूनं नीट बंद करतात, म्हणून पाणी ओढता येतं. मांजराच्या आणि कुत्र्याच्या तोंडाची फट मागेपर्यंत गेलेली, ओढायला गेलं तर बाजूनं हवाच आत येणार. मिनिटभरानं आप्पा म्हणाले, "हे मी सांगणारच होतो."

तेव्हापासून ते सगळ्यांना हेच सांगतात, आणि ते शोधणारे आप्पाच.

कुत्र्याचंही त्यांनी आपल्याकडे ओढून घेतलंय. कुत्रा जीभ मागे वळवून ओगराळ्यासारखी पाण्यात घालतो, म्हणून ओगराळंभर पाणी तोंडात जातं असं वाटतं. हार्वर्डच्या दोन संशोधकांनी 2011 साली क्ष-किरणांखाली कुत्रा पाणी पिताना बघितला, तर ओगराळ्यातलं बहुतेक पाणी खालीच पडत होतं. तोंडात जातं ते मांजरासारखंच, जिभेला चिकटून वर आलेलं. फरक एवढाच की मांजर हलक्या हातानं काम करतं आणि कुत्रा जीभ आपटतो. म्हणून कुत्रा पिऊन गेला की हाळेभोवती सडा पडलेला असतो. आमच्या गेटावरचा तपकिरी कुत्रा पाणी प्यायला लागला की आप्पा खुर्ची हातभर मागे घेतात. "जोर भरपूर, उत्पादन कमी. आमच्या खात्यात असे मुकादम होते."

समोरच्या मारवाडी शेठांशी त्यांचा वाद उंटावरून होतो. शेठांचं गाव वाळवंटाकडचं. तहानलेला उंट दहाएक मिनिटांत शंभर लिटरच्या आसपास पाणी पितो हे शेठ सांगतात, आणि ते खरं आहे. एवढं पाणी एकदम रक्तात उतरलं तर दुसऱ्या जनावराच्या तांबड्या पेशी फुटतील. उंटाच्या पेशी लांबट गोल असतात, फुगतात आणि टिकतात. आप्पांना शंभर लिटरचं कौतुक नाही. "एकदम एवढं पितो याचा अर्थ त्याचा कुणावर भरवसा नाही." शेठ रागावून दुकानात जातात आणि संध्याकाळी दोघे एकाच बाकावर चहा पितात. दोघेही बशीत ओतून.

हे सगळं जनावरांपुरतं असतं तर आप्पा सोसायटीचं भूषण ठरले असते. पण ते माणसं जोखायला घेतात.

त्यांच्या पुतणीला बघायला नंदुरबारची मंडळी आली होती. ट्रेमध्ये पाण्याचे ग्लास आले आणि आप्पा खुर्चीच्या कडेवर सरकून बसले. मी शेजारी होतो, म्हणून मला सगळा निकाल कानात ऐकायला मिळाला. त्यांच्या कुजबुजीचा आवाज वॉटरजेटच्या खात्यातला असल्यामुळे इतर काही जणांनाही मिळाला. मुलाचे वडील एकामागून एक तीन ग्लास प्याले. "उंट. याच्या घरात याला पाणी विचारत नाहीत." मुलाचे काका: मिशी ओली, सदरा ओला. "कुत्रा. मनानं चांगला, हिशोबाला नको." मुलाची आई एक घोट घ्यायची, मान वर करायची आणि एकदा पंखा, एकदा फ्रिज, एकदा पडदे बघायची. "चिमणी. सहा घोटांत घर मोजून झालं." मग पाळी मुलाची. त्यानं ग्लास उचलला, ओठ टेकवले आणि ग्लास तसाच भरलेला खाली ठेवला.

आप्पा हादरले. दिवसभर त्यांना दुसरं काही सुचलं नाही. न पिणारं जनावर त्यांच्या वहीत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, चातक असेल. तर आप्पा म्हणाले, चातक पावसाचे थेंब झेलत बसत नाही. तो सुरवंट खातो आणि बरंचसं पाणी त्यातूनच मिळवतो. "पोरगा काय खातो ते बघा." घरच्यांनी आप्पांना बाजूला सारून लग्न ठरवलं, ते बरं केलं. नंतर कळलं की पोरगा घाबरून गल्लीच्या तोंडाशी तीन पाउच पाणी पिऊन आला होता. आता तो जावई सणाला आला की पहिला ग्लास आप्पांच्या डोळ्याला डोळा लावून एका दमात संपवतो, मान न उचलता. आप्पा मान हलवतात. पास.

नागपंचमीला आप्पांना घरात ठेवायला बघतात, पण ते राहत नाहीत. टोपलीतला नाग घेऊन कुणी आलं आणि बायका दुधाची वाटी घेऊन निघाल्या, की ते मध्ये जाऊन उभे राहतात. साप दूध पीत नाही. त्याला अनेक दिवस पाण्यावाचून ठेवलेलं असतं, म्हणून तो समोर येईल त्याला तोंड लावतो. साप पाणी पितो तेसुद्धा बघण्यासारखं असतं. काही सापांच्या खालच्या जबड्यात कातडीच्या बारीक घड्या असतात. त्यांत पाणी आपोआप शोषलं जातं, आणि जबडा दाबला की ते घशाकडे सरकतं. जीभ त्यात काहीच करत नाही. एवढं सगळं रस्त्यात सांगून होईपर्यंत गारुडी दुसऱ्या गल्लीत गेलेला असतो. साप असा पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हे त्या गारुड्याला आप्पांपेक्षा चांगलं माहीत असतं.

सरथाणाच्या प्राणिसंग्रहालयात नातवंडांना नेलं, तेव्हा पोरांनी पाणमांजरं बघितली, हरणं बघितली, दोनदा आइस्क्रीम खाल्लं. आप्पा सिंहाच्या आवारासमोरून हलले नाहीत. त्यांना राजा पाणी कसं पितो ते बघायचं होतं. सिंह झोपलेला होता. दुपार कलली, पहारेकरी दोनदा येऊन बघून गेला. शेवटी सिंह उठला, पाण्यापाशी गेला आणि प्याला. मोठ्या मार्जारांची रीत मांजरीचीच असते, पण जीभ मोठी तसा वेग कमी. आप्पा घरी येऊन म्हणाले, "नाव मोठं, पिक कमी."

राहता राहिले खुद्द आप्पा. ते पाणी कसं पितात हे विचारायचं धाडस आमच्यात कुणाला नव्हतं. ते काम नातीनं केलं. आप्पा तांब्याला तोंड लावत नाहीत, वरून धार सोडतात. ती निम्मी तोंडात जाते, निम्मी बंडीवर, आणि काकू गेली कित्येक वर्षं दुसरी बंडी हातात घेऊन उभ्या असतात. पण नातीनं धरलं ते दुसरंच. माठाचा नळ खाली आहे आणि आप्पांचे गुडघे वाकत नाहीत. मग ते दोन्ही पाय फाकवतात, आणखी फाकवतात, आणि माठाशी पोचेपर्यंत खाली खाली येतात. नात शाळेच्या पुस्तकात बोट ठेवून म्हणाली, "आप्पा जिराफ शे."

आम्हाला वाटलं, आता चिडणार. आप्पांनी चित्र हातात घेतलं, लांब धरून नीट बघितलं. जिराफाची मान पाण्यापर्यंत पोचत नाही म्हणून तो पुढचे पाय फाकवतो, आणि डोकं एवढं खाली गेल्यावर रक्त मेंदूत धडकू नये म्हणून त्याच्या मानेतल्या शिरांना झडपा असतात. हे वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, "माले बी झडप पाहिजे. उठताना गरगरस." आणि त्याच दिवशी माठ स्टुलावर चढला. आता पाय फाकवावे लागत नाहीत. बंडी अजून ओली होते.

होळी झाली की सुरतेत ऊन तापतं आणि लोक गॅलरीत पाखरांसाठी पाणी ठेवतात. ठेवणार असाल तर आप्पांच्या पद्धतीनं ठेवा. मातीचं पसरट, उथळ कुंडं घ्या, खोल बादली नको. मध्ये पाण्याबाहेर डोकावेल असा एक दगड ठेवा, म्हणजे मधमाशीला उतरायला जागा होते आणि चिमणी बुडत नाही. कुंडं सावलीत असू द्या, रोज उपडं करून घासा, डासांच्या अळ्यांना आठवडाभर सवड मिळू देऊ नका. आणि पाहुणा प्यायला आला की जरा पडद्याआड उभे राहा. आप्पा राहत नाहीत, तुम्ही राहा.